कापसाची मांडी

लिव्हरचा आजार म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे आधी बाटली उभी राहते, माणूस नंतर. टेलर मास्तरांचं हेच झालं. या माणसानं उभ्या आयुष्यात थेंबाला तोंड लावलं नव्हतं. कुणी फारच आग्रह केला तर सरबताचा पेला उचलायचे आणि साखर कमी पडलीय म्हणून तोही परत करायचे. तरी आजाराची बातमी फुटल्यावर जो भेटेल तो खांद्यावर हात ठेवून म्हणायला लागला, "मास्तर, आता तरी सोडा." सुरुवातीला मास्तर तावातावानं भांडले. मग खरं कुणी ऐकतच नाही म्हटल्यावर त्यांनी सरळ खोटं बोलायला सुरुवात केली. "सोडली हो, कालच सोडली!" तेव्हा कुठे लोकांचा जीव भांड्यात पडला.

आजार मात्र खरा होता. वर्षानुवर्षं अंगावर काढलेली रक्तातली साखर आणि लिव्हरवर चढत गेलेली चरबी, असं डॉक्टरांनी सांगितलं. आत व्रण पडलेत, ते काही पुसून निघायचे नाहीत. पण औषधं वेळेवर घेतली आणि मीठ-साखर सांभाळली तर आहे त्यावर पुष्कळ वर्षं निघतील. मास्तरांनी यातलं "पुष्कळ वर्षं" तेवढं ऐकलं आणि मास्तरीणबाईंनी "व्रण पडलेत" तेवढं. संसार असाच चालतो. दोघंही एकाच खोलीत बसून वेगवेगळं ऐकतात.

दुकानाच्या पुढच्या बाजूला काउंटर होतं, तिथे मुलगा बसायचा. मध्ये शिलाईची मशिनं. मागच्या खोलीत खिडकीखाली कापायचं टेबल. माणसाच्या कमरेएवढं उंच, दोन माणसं आडवी झोपतील एवढं लांब, आणि कात्रीच्या टोकांनी ओरखडून ओरखडून मऊ झालेलं. मास्तर या टेबलाशी दिवसभर उभे. त्यांच्या शेजारी खुर्चीवर बाई काज-बटण आणि तुरपाई करत बसलेल्या. लग्न झाल्यापासून दोघांचा संसार खरा म्हणजे त्या खोलीतच झाला. घरी नुसते जेवायला आणि झोपायला जायचे. कटर कधी बसून कापत नाही, आणि मास्तर तर गिऱ्हाइकाशी बोलतानासुद्धा बसत नसत. "मी बसलो म्हणजे दुकान बंद झालं समजा," असं म्हणायचे.

तर त्यांना बसवलं. कुणी? घरच्यांनी. प्रेमानं. शत्रूला साधलं नसतं ते प्रेमानं साधलं.

सुरुवात मेहुण्यानं केली. हा गृहस्थ विम्याचं काम करतो, पण सल्ला द्यायला बसला की मोठमोठे डॉक्टर त्याच्यापुढे फिके. "दाजी, लिव्हरला आराम लागतो. जेवढं हलाल तेवढं ते झिजेल." झालं! त्या दिवसापासून मास्तरांच्या हातातून एकेक गोष्ट जायला लागली. आधी बाजाराची पिशवी गेली, मग पाण्याची बादली, मग दुकानाचं शटर. मग टेबलाशी एक उंच स्टूल आलं. मग मुलगा म्हणाला, "बाबा, कापायचं काम मी बाहेरच्या कटरकडे देतो, तुम्ही नुसतं काउंटरवर बसा." काउंटरमागे हातांची मोठी खुर्ची आली आणि मास्तर तिच्यात जे बसले ते बसलेच. टेबल रिकामं पडलं म्हणून त्यावर तयार शर्टांचे खोके रचले गेले. बघता बघता खिडकीसुद्धा झाकली गेली.

माणूस बसून ताजातवाना होईल अशी सगळ्यांची कल्पना. उलटंच झालं. दुपारी पेंग येई ती संध्याकाळपर्यंत उतरत नसे. पोटऱ्यांत असे गोळे येत की मास्तर दात-ओठ खाऊन पाय दाबत बसत. चिडचिड वाढली. ज्या माणसानं गिऱ्हाइकाला कधी आवाज चढवला नव्हता, तो एकाला म्हणाला, "कॉलर वाकडी नाही, तुमची मान वाकडी आहे." मुलाला गिऱ्हाइकाची माफी मागावी लागली.

आणि एक गोष्ट फक्त मास्तरांना ठाऊक होती. आयुष्यभर दुसऱ्यांची मापं घेतलेला माणूस तो. एक दिवस अंघोळीनंतर त्यांनी स्वतःच्या मांडीला टेप लावला आणि आकडा खरा वाटेना म्हणून पुन्हा लावला. मांडी राहिलीच नव्हती. शाळकरी पोरांच्या गणवेशाला घ्यायचे तेवढं माप भरत होतं.

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? बायकोला सांगितलं असतं, डॉक्टरांना सांगितलं असतं. पण मास्तर पडले शिंपी, आणि शिंप्याला अंगातला दोष दिसला की तो झाकायची खुमखुमी येते. पडलेला खांदा, पुढे आलेलं पोट, एका बाजूला कललेली कंबर, असली किती माणसं त्यांनी कापडात सरळ करून दिली होती! त्यांनी आपल्या पॅन्टी घेतल्या, आतून अस्तर लावलं आणि कोटाच्या खांद्यात भरायचा कापूस मांड्यांवर भरला. वरून दोन चुण्या. काम असं बेमालूम की समोरून बघा, बाजूनं बघा, माणूस धडधाकट. चालताना थोडं उकडायचं एवढंच. मास्तर आरशात बघून खूश झाले. स्वतःच्याच आजाराला त्यांनी झकास फिटिंग करून दिलं होतं.

का केलं हे? टेबलासाठी. मांड्या अशा गेल्यात हे कळलं तर आपल्याला पुन्हा टेबलाशी कुणी उभं करणार नाही, हे ते पुरतं ओळखून होते. म्हणून रोज ते मुलाला म्हणत, "मी ठणठणीत आहे रे, खोके काढ." आणि मुलगा "काढू, काढू" म्हणे.

मग गादीवाला आला. पलीकडच्या गल्लीत त्याचं गाद्या-उशांचं दुकान. त्याला गाद्या टाचायला असंच लांब टेबल हवं होतं. मुलानं आईला विचारलं आणि मास्तरीणबाई चटकन हो म्हणाल्या. "जाऊ दे. ते तिथे आहे तोवर यांचा जीव त्यात राहणार. उद्या कात्री हातात असताना चक्कर येऊन पडले तर?" लग्नसराईचा सिझन संपला की गादीवाल्यानं टेबल न्यायचं ठरलं. मास्तरांच्या कानावर घातलं. ते खुर्चीत नुसते जरा खाली सरकले. त्या दिवशी जेवलेही नाहीत.

नेमक्या त्याच आठवड्यात तपासणीची पाळी होती. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिले, मास्तरांच्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, "दिवसभर काय करता?" बाई अभिमानानं म्हणाल्या, "काही म्हणजे काही करू देत नाही आम्ही." डॉक्टरांनी कपाळाला हात लावला आणि दोघांना शेजारच्या खोलीत धाडलं. तिथे व्यायाम शिकवणारी एक मुलगी होती. हसतमुख, पण मास्तरांच्या मते तिच्या डगल्याच्या बाह्या चांगल्या बोटभर लांब.

"काका, या खुर्चीतून उठा बघू. हातांचा आधार न घेता."

"त्यात काय!" मास्तर म्हणाले आणि उठायला गेले. खुर्ची काही त्यांना सोडेना. पुन्हा जोर केला. अर्धवट वर आले आणि धपकन बसले. दुकानात मास्तर नेहमी खुर्चीच्या हातांवर रेटा देऊन उठत, त्यामुळे कुणाच्या हे लक्षातच आलं नव्हतं.

"पाय बघते तुमचे. पॅन्ट जरा वर घ्या."

"वर जात नाही ती."

"मग काढा. पडद्यामागे चड्डी ठेवलीय ती घाला."

मास्तर म्हणाले खोली गार आहे. मास्तर म्हणाले पुढच्या वेळी. मुलगी ऐकते कसली! शेवटी ते पडद्यामागे गेले आणि पॅन्ट बाहेर देणं भाग पडलं. बाईंनी ती सवयीनं घडी करायला घेतली आणि त्यांचे हात थांबले. उभा जन्म सुईदोऱ्यात गेलेल्या बाईला डोळे मिटूनही कळलं असतं. त्यांनी पॅन्ट उलटी केली. अस्तर. कापूस. बारीक, सुंदर टाके. तेवढ्यात मास्तर पडद्याबाहेर आले, आणि चड्डीखालचे ते दोन पाय बघून बाई भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

मुलीनं सगळं पाहिलं, पण एका शब्दानं विचारलं नाही. तिनं मास्तरांना समोर बसवून समजावलं. आजारी लिव्हर अंगातली ताकद साठवून ठेवू शकत नाही. मग उपाशी वेळ लांबली की शरीर स्वतःचेच स्नायू खायला लागतं, आणि त्यात माणूस बसून राहिला तर बघायलाच नको. हेच स्नायू रक्तातली घाणही थोडीफार काढून लिव्हरचं ओझं हलकं करतात. म्हणून उठायचं, चालायचं, टाचा उचलायच्या. झोपण्यापूर्वी काहीतरी पोटात घालायचं आणि सकाळी उठल्याबरोबर पुन्हा. अन्ननलिकेच्या शिरा डॉक्टरांनी दुर्बिणीतून तपासल्यात, पोटात पाणी नाही, तेव्हा हरकत नाही. मात्र दम कोंडून जड काही उचलायचं नाही, आणि पाय सुजले, डोकं जड झालं किंवा शौचाला काळं झालं तर त्याच दिवशी यायचं.

"आणि आराम?" बाईंनी विचारलं.

"दमल्यावर, काकू. दमायच्या आधी नाही."

घरी आल्या आल्या बाईंनी कपाट उघडलं, मास्तरांच्या सगळ्या पॅन्टी पलंगावर ओतल्या आणि उसवायला बसल्या. कापसाचा हा ढीग झाला. मास्तर दारात चोरासारखे उभे.

"माझ्याच सुईनं?" बाई म्हणाल्या. "माझ्या डब्यातली सुई, माझा दोरा, आणि माझ्यापासूनच लपवलंत?"

"अगं, तू घाबरली असतीस."

"मग घाबरले असते! बायको कशाला असते? मी मूर्खासारखी तुम्हाला बसवत राहिले. तुम्ही कापूस भरत राहिलात. आणि दोघंही म्हणतोय, बरं चाललंय." बोलता बोलता त्यांना रडू कोसळलं. मास्तर शेजारी बसले. म्हणाले, "टेबल जाईल म्हणून केलं."

"टेबल जाणारच आहे," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "व्यायाम करू, जे सांगितलंय ते सगळं करू. पण टेबल नाही. मला तुमच्या पायांची भीती नाही वाटत. पाय सुधारतील. मला तुमच्या तोंडाची भीती वाटते. तुम्ही पडाल तोवर ठणठणीतच म्हणत राहाल."

मास्तर पलंगावरचा कापूस पिशवीत भरायला लागले.

दुसऱ्या दिवशी काउंटरमागची हातांची खुर्ची गेली आणि बिनहातांची आली. बाई शेजारी बटणं लावत बसल्या. नियम असा ठरला की बाईंनी एक बटण लावून दोरा तोडला की मास्तरांनी हात छातीवर बांधून उठायचं आणि हळू बसायचं. सुरुवातीला खाली दोन उशा घालाव्या लागल्या, तरी कपाळावर घाम. मग एक उशी गेली, मग दुसरी. कोटाचा दिवस मास्तरांना सुखाचा जाई, कारण कोटाला बटणं कमी. शर्टांचा गठ्ठा आला की त्यांचं तोंड उतरे. एकदा त्यांनी एका गिऱ्हाइकाला पुढे चेन लावलेला शर्ट शिवायचा सल्ला दिला, तेव्हा बाईंनी तिथल्या तिथे डोळे वटारले.

संध्याकाळी दोघं फिरायला जात. व्यायामाच्या मुलीनं सांगितलं होतं, बोलता येईल पण गाता येणार नाही अशा चालीनं चाला. मास्तरांना गाता कधीच येत नव्हतं, तेव्हा मोजमाप बोलण्यावरच ठेवावं लागलं. आणि बोलायला विषय काय कमी! समोरून येणारा प्रत्येक माणूस. "याचा खांदा बघ, उतरलाय. हिच्या पाठीत घोळ आहे. हा कोट भावाचा दिसतो." बाई तोंडाला पदर लावून हसत. मास्तर गप्प झाले की बाई समजायच्या, दम लागला. मग न बोलता एखाद्या ओट्यावर टेकायच्या.

झोपताना दूध आणि उकडलेलं अंडं. मास्तर कुरकुरले, "एवढ्या उशिरा कोण खातं?" पण पोटऱ्यांतले गोळे कमी झाले, झोप लागायला लागली, तेव्हा कुरकुर थांबली. दुपारची पेंग आखडत आखडत डुलकीवर आली. वाकड्या मानेचा म्हणून हिणवलेलं गिऱ्हाईक परत आलं आणि मास्तरांनी त्याला चहा पाजला. डॉक्टरांनी नवे रिपोर्ट पाहिले आणि म्हणाले, "लिव्हर होतं तिथंच आहे. तिथंच राहिलं तर मी खूश. पण तुम्ही आज दार ढकलून आत आलात, मागच्या वेळी काकूंनी ढकललं होतं."

सगळं गोडगोड झालं असं नका समजू. मधे एकदा मास्तरांना बरं वाटायचा माज चढला. पाय जड झालेले असतानाही "काही नाही, काही नाही" म्हणत ते बाईंना लांबच्या चौकापर्यंत घेऊन गेले. रस्ताभर मुद्दाम बडबडले, म्हणजे दम लागलाय हे कळू नये. दुसऱ्या दिवशी घोट्यांना ही सूज! धावतपळत दवाखाना, औषधाचा डोस वाढवला आणि आठवडाभर घरी. बाई भांडल्यासुद्धा नाहीत. नुसत्या मुलाला म्हणाल्या, "गादीवाल्याला सांग, ठरल्याप्रमाणे घेऊन जा." मास्तरांनी ते ऐकलं आणि तोंड फिरवून घेतलं.

सिझन संपला. गादीवाला न्यायला येणार त्या सकाळी मुलानं खोके हलवले, आणि किती तरी दिवसांनी टेबलावर उजेड पडला. मास्तर काउंटरवरून उठून मागच्या खोलीत आले. टेबलावरून हात फिरवला. बाई खुर्चीवर तुरपाई करत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. बाजूला कोटाचं एक कापड पडलं होतं, बाहेरच्या कटरकडे जायचं. मास्तरांनी ते उचललं, झटकलं आणि टेबलभर पसरलं. खडू घेतला आणि रेघा ओढायला लागले.

आता यांच्या धंद्यात एक रीत आहे. कापड पसरून खडू ओढला की ते कापून होईपर्यंत टेबलाला कुणी हात लावायचा नाही. मालकानं नाही, बायकोनं नाही. धक्का लागला तर रेघ सरकते आणि अख्खं कापड वाया जातं. म्हणून गादीवाला दोन हमाल घेऊन दारात आला तेव्हा मुलानं त्याला तिथेच थांबवलं. "कापड पसरलंय, जरा थांबा."

गादीवाला थांबला. हमाल टेकले. मास्तर कापत होते. पाठ झाली, एक पुढचा भाग झाला. कात्रीचा तो करकर आवाज खोलीत पुन्हा ऐकू यायला लागला, आणि मशिनवरचे कारागीर माना वळवून बघायला लागले. बाई मात्र त्यांच्या हातांकडे बघत नव्हत्या. त्या बघत होत्या त्यांच्या पायांकडे. डावा गुडघा किंचित थरथरायला लागला तो त्यांना दिसला. त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले. तोंड उघडलं तर मास्तर काय म्हणणार, हे त्यांना पाठ होतं. गादीवाला उभा, मुलगा उभा, कारागीर बघतायत. एवढ्या लोकांसमोर हा माणूस मरेल, पण बसणार नाही.

मास्तरांनी दुसऱ्या भागाच्या मध्यावर कात्री थांबवली. ती कापडावर आडवी ठेवली.

"अगं, पाय थकले," ते म्हणाले. "मी बसतो जरा. उरलेलं जेवण झाल्यावर कापतो."

आणि सगळ्यांच्या देखत ते बाजूच्या स्टुलावर बसले. दुकानात कुणाच्या काही लक्षात आलं नाही. एक म्हातारा दमला आणि बसला, यात काय विशेष! पण बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी उठून मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिथेच राहू दिला.

गादीवाल्याला वाटलं आपली वाट मोकळी झाली. तो पुढे आला. "झालं ना? उचलायचं?"

"झालं कुठे?" बाई म्हणाल्या. "कापड पसरलंय, दिसत नाही?"

"मग मी संध्याकाळी येऊ? की उद्या?"

"उद्याही पसरलेलंच असेल, परवाही असेल. तुम्ही येऊ नका. आम्हाला गादी लागली तर आम्हीच येऊ."